यादीतलं पहिलं नाव

शकुताई, काल तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माइकवरून दोनदा नाव पुकारलं. "ताईंची लाडकी विद्यार्थिनी सुजाता आता दोन शब्द बोलेल." मी मागच्या रांगेत मान खाली घालून बसून राहिले. लोकांना वाटलं, पोरीला रडू आवरत नाहीये. शेजारच्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला. रडत बिडत नव्हते मी. संतापले होते, आणि गेलेल्या माणसावर चारचौघांत संतापायची आपल्याकडे सोय नाही, म्हणून गप्प बसले.

आज घरी, डिंगोऱ्यात, ओट्यावर बसून हे लिहितेय. आई दोनदा डोकावून गेली. "काय लिहितीस गं एवढं?" म्हणाली. मी म्हटलं, ताईंना पत्र. ती आत गेली आणि चहा ठेवून आली. तुमच्याशी माझं बोलणं बंद होतं हे तिला माहीत आहे. का बंद होतं ते मी तिलाही कधी धड सांगितलेलं नाही.

तीन उन्हाळ्यांपूर्वी तुमच्याकडे आले तेव्हा मी काय तोऱ्यात होते! पुण्याला सार्वजनिक धोरणाचं एमए करत होते. दुसऱ्या वर्षाआधी दोन महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची. वर्गातली पोरं दिल्लीला गेली, मुंबईला गेली, एसीत बसून अहवाल लिहायला. मला मिळालं काय, तर घोडेगाव. माझ्याच घरापासून दोन एसट्यांवर, जुन्नरला गाडी बदलून. तुमच्या संस्थेचं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. टेबलावर बोट फिरवलं की पिठात रेघ उठायची. कॉलेजचं पत्र तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून मोठ्याने वाचलंत. "बेघरपणा निर्मूलनासाठी धोरणात्मक हस्तक्षेप." मग माझ्याकडे बघून विचारलंत, "हे घोडेगावात कुठशीक येतं गं?"

खाली गिरणीवाला हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्यासारख्यांना तुम्ही उन्हाळी पोरं म्हणायचात. उन्हाळ्यात येतात आणि पावसाच्या आत जातात, आणि ज्यांना घर नाही त्यांची खरी परवड पावसातच सुरू होते, ती बघायला यांच्यातलं कुणी नसतं, असं तुमचं गाऱ्हाणं होतं. मला ते टोचायचं. मी त्यातली नाही हे दाखवायला मी जीव टाकून काम केलं. घर नसलेल्यांची यादी करायला पेठ गावापासून आत आत वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, पाय सोलून निघाले, वरच्या डोंगरातल्या गावांना जाणारी एसटी चुकली म्हणून दोनदा दुधाच्या टेम्पोतून गेले.

आणि पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. हिराबाईच्या नावापुढे मी लिहून आणलं, "घर आहे."

का लिहिलं? तर मी तिला विचारलं होतं, "मावशी, तुम्हाला घर आहे का?" आणि ती म्हणाली होती, "हाय की. ह्ये काय!" मागे सारवलेली भिंत होती, दाराला पडदा होता. मी खूण केली आणि पुढे निघाले. तुम्ही तो कागद बघितलात आणि असा काही हात कपाळावर मारलात! "अगं येडे, आपल्याकडं घर नाय असं तोंडानं कोणी म्हणतं का? ताडपत्रीखाली बसलेलं माणूस पण पाव्हण्याला म्हणतं, या घरात. अब्रूचा सवाल असतो बाई. घर हाय का असं इचारायचंच नाय. चूल कुठंय ते इचारायचं. आणि पावसाळ्यात ती कुठं उचलून नेता, ते इचारायचं."

दुसऱ्या दिवशी मला तुम्ही परत पाठवलंत. उन्हात, एकटीला, शिक्षा म्हणून.

हिराबाई वरच्या डोंगरातली. नवरा गेल्यावर भाताची खाचरं भावकीने दाबली, तेव्हा लेकीला घेऊन खाली उतरलेली. पेठेच्या पुढच्या एका गावात, एका बागायतदाराच्या रानात राहायची. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच पुन्हा कुणाचा पारा चढायचा. सारवलेली भिंत होती ती विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीची. खोली मालकाची, मोटार मालकाची, कांदा साठवायची बराख मालकाची, आणि या सगळ्याची राखण हिराबाईची. मी चुलीचं विचारलं. बाहेर ताडपत्रीवर तिने गोळा करून आणलेला हिरडा वाळत घातला होता, तो हाताने पसरत पसरत म्हणाली, "चूल व्हय? आता आत हाय. पावसाच्या तोंडावर खताच्या गोन्या येत्यात, मंग भाईर काडायची."

म्हणजे पाऊस आला की चूल बाहेर. खत कोरडं राहायचं आणि मायलेकी ओल्या.

मी तिला म्हटलं, "मावशी, यादीत तुमचं नाव पहिलं लिहिते." ती म्हणाली, "आगं, लिवून काय व्हतंय?" मी म्हटलं, "होतं. मी शब्द देते." तिने मला काळा चहा दिला. बावीस वर्षांची पोर मी, ऊठसूट शब्द देत फिरत होते. तुम्ही मला सगळं शिकवलंत, शब्द देऊ नये, तेवढं मात्र शिकवलं नाहीत.

त्याच मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला तुम्ही आमच्या घरी जेवायला आलात. विहारातून आम्ही परत आलो तर तुम्ही आधीच ओट्यावर हजर, पिशवीत आमच्या आईसाठी आंबे. दोन वाट्या खीर खाल्लीत आणि तिसरी मागून घेतलीत. पप्पांनी काळजीने विचारलं, "ताई, ह्यातून पोरीला नोकरी लागंल ना?" तुम्ही म्हणालात, "नोकरीचं नाय सांगत भाऊ. झोप मात्र उडंल." आईला हसू आवरेना. नंतर कितीतरी दिवस मी पुस्तक घेऊन बसले की ती म्हणायची, झोप उडाली वाटतं. त्या दिवशी मला वाटलं होतं, या बाईसाठी मी काहीही करेन.

मग आपलं ते टिपण. पंचायत समितीला द्यायचं, घरकुलाच्या यादीत कुणाला धरायचं याबद्दल. दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या खोलीत, मर्जीवर राहणाऱ्या माणसाला कागदावर घर असतं, म्हणून तो कुठल्याच यादीत येत नाही. त्याला बेघर धरा आणि गावठाणात जागा द्या, एवढंच आपलं म्हणणं. मी लिहिलेलं प्रत्येक पान तुम्ही लाल पेनाने रक्तबंबाळ करायचात. "निवाराविहीन कुटुंबे" मी लिहायचे, "घर नसलेली माणसं" तुम्ही करायचात. आणि एका गोष्टीवरून आपलं रोज वाजायचं. मी म्हणायचे, आपल्या व्याख्येत सगळे बसले पाहिजेत, एक जरी बाहेर राहिला तर व्याख्या खोटी. तुम्ही म्हणायचात, "व्याख्येत कोण राहत नाय गं. घरात राहतात. जेवढी मिळतील तेवढी पदरात पाडून घ्यायची." मी तोंड फुगवून बसायचे. तुम्ही खालून भजी मागवायचात. शेवटच्या दिवशीसुद्धा आपण त्यावरूनच भांडलो, आणि एसटी सुटता सुटता तुम्ही माझ्या खिडकीखाली येऊन ओरडलात, "पुढच्या वर्षी ये, मग दाखवते तुला!"

दाखवलंत खरं.

फेब्रुवारीत छापील टिपण हॉस्टेलवर आलं. मुखपृष्ठावर माझं नाव. मी खोलीभर नाचले, शेजारच्या खोलीतल्या मुलींना बोलावून दाखवलं. मग मागची यादी उघडली. पहिलं नाव हिराबाईचं नव्हतं. दुसऱ्या नंबरचं कुटुंब एक नंबरवर आलं होतं, त्याखाली सगळे एकेक पायरी वर सरकले होते. मी शेवटपर्यंत बोट फिरवलं, पुन्हा वरून खाली आले. नव्हतंच.

फोन केला तर तुम्ही म्हणालात, "टायपिंगमध्ये गेलं असंल." मी म्हटलं, ताई, नंबर बदललेत. गिरणीचा आवाज येत होता मागून. मग तुम्ही सगळं सांगितलंत. हिराबाईचा मालक म्हणजे सरपंचाचा चुलता. तिचं नाव लागलं तर उद्या ती रानावर हक्क सांगेल अशी त्याला धास्ती. नाव काढा, नाहीतर ग्रामसभेत जागेचा ठराव होऊ देत नाही, आणि बाईलाही उद्याच खोलीतून बाहेर काढतो, असं तो ऑफिसात येऊन बोलून गेला होता. तुम्ही नाव काढलंत. ठराव झाला. बाकीच्यांना जागा मिळायची वाट मोकळी झाली.

ताई, एवढ्यावर मी भांडले असते, रडले असते, पण कधीतरी समजूनही घेतलं असतं. खरंच सांगते. पण मी विचारलं, "माझ्या नावाने छापताना मला विचारावंसंही वाटलं नाही?" आणि तुम्ही जे बोललात ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "तुझं नाव हाय म्हणूनच बरं झालं. शिकाऊ पोरीकडून राहिलं म्हटलं की लोक सोडून देतात. संस्थेनं काढलं म्हटलं असतं तर वस्तीनं आपल्याला उभं केलं नसतं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. इतक्या मायेने, इतक्या सहज! मला वाटत होतं, मुखपृष्ठावर माझं नाव तुम्ही कौतुकाने टाकलंत. तुम्हाला ते आडोशाला हवं होतं. मी फोन कापला आणि त्यानंतर तुमचा एकही उचलला नाही.

तुम्ही हटला नाहीत. "जेवलीस का" असे मेसेज यायचे. मी उत्तर देत नसे. मला नोकरी लागली, अशाच कामाची, पुण्यातच. तिथे माझी मुलाखत घेणाऱ्यांना मी चुलीची गोष्ट सांगितली आणि ते खूश झाले. तुमच्या शिकवणीवर माझं पोट चाललंय आणि तुमचं नाव मी तिथे एकदाही घेतलेलं नाही. बघा, मीही काही कमी नाही.

गेल्या दिवाळीत तुम्ही आमच्याकडे आलात. मी घरात होते. तुमचा आवाज ऐकला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसले. आई बिचारी सांगत राहिली, सुजाता बाहेर गेलीय. दारात माझ्या चपला होत्या, त्या तुम्हाला दिसल्याच असणार. तुम्ही आईशी लोणच्याबद्दल बोललात, पप्पांच्या गुडघ्यांबद्दल बोललात, आणि निघताना मुद्दाम आवाज चढवून म्हणालात, "सुजाताला सांगा, नव्या यादीत हिराबाईचं घालणार हाय मी." मी आत बसून मनात म्हटलं, घाला, मग बघू. बाहेर आले नाही. तुम्ही ओट्याच्या पायऱ्या उतरताना धापा टाकत होतात, असं आई नंतर म्हणाली. मला वाटलं, माझ्यावर दडपण आणायला म्हणतेय.

काल सभेआधी मी गिरणीवर चढले. तुमचं कपाट कुठलं ते मला ठाऊक आहे. नव्या यादीची फाइल काढली आणि उभ्या उभ्या चाळली. हिराबाई त्यातही नाही. म्हणून मी माइकपाशी गेले नाही. खोटं बोलून गेलात ताई, अगदी शेवटपर्यंत, आणि वर आमच्या आईच्या हातचं लोणचं घेऊन गेलात.

सभा संपली. लोक तुमच्या फोटोला फुलं वाहत होते. मी चपला शोधत होते, तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला.

"तूच ना गं ती, यादीवाली पोर?"

हिराबाई होती. वाळली होती, पण डोळे तेच. रडून लाल झालेले.

"लई बारीक झालीस," ती म्हणाली. "शिक्शान झालं का? ताई सांगायच्या तुजं. मला म्हनल्या व्हत्या, हिरे, पोर नवी व्हती, गडबडीत तुजं नाव ऱ्हायलं बघ तिच्या हातनं. म्या म्हनलं, जाऊ द्या, ल्हान हाय. चुकतं मानूस."

दोन वर्षं मला माफ करून बसली होती ती, मी न केलेल्या गोष्टीसाठी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. फोटो समोर होता, हार होता, उदबत्ती होती, कशाकशाची पर्वा न करता मी बोलून टाकलं. "मावशी, माझ्या हातून काही राहिलं नव्हतं. तुमचं नाव मी पहिलं लिहिलं होतं. ते ताईंनी काढलं, तुमच्या मालकाच्या सांगण्यावरून. आणि खापर माझ्यावर फोडलं."

हिराबाईने माझा दंड सोडला. फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ती तुम्हाला चार शिव्या देईल आणि माझा जीव थंड होईल. खोटं कशाला बोलू, मला तेच ऐकायचं होतं.

ती म्हणाली, "तुला कवा कळालं ह्ये?"

"दोन वर्षं झाली."

"दोन वर्सं." ती तिथेच पायरीवर बसली. "मंग दोन वर्सांत येकदा बी आली न्हाईस ती?"

मी म्हटलं, माझं ताईंशी भांडण होतं. मी रागात होते. बोलता बोलताच माझा आवाज मला कसातरी वाटायला लागला.

"तुमचं भांडान तुमी दोगी बघा की. माजं काय मधी?" तिचा आवाज चढला नव्हता. "म्या समजत व्हते, पोरीला ठावंच न्हाई, न्हाईतर ती आली असती. ताई येत व्हत्या बाय. दर पावसाळ्यात येत व्हत्या, गोन्या आल्या की. ताडपत्री घिऊन यायच्या, माज्या लेकीला शाळंत त्यांनीच घातली. खोटं सांगाय का व्हईना, येत व्हत्या. तू तर खरं घिऊन घरात बसलीस."

मग तिने डोळे पुसले, पेठेकडे जाणारी गाडी लागली का ते कुणाला तरी विचारलं, आणि गेली. गर्दीतून जाताना मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

ताई, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही माझ्या नावाआड लपलात ते लपलातच, तुम्ही गेलात म्हणून ते काही धुऊन निघत नाही. दिवाळीत मी बाहेर आले असते तर तुमची चांगली खरडपट्टी काढली असती, आणि तुम्ही ती खीर खाता खाता ऐकून घेतली असती, आणि कदाचित त्याच दिवशी आपण दोघी हिराबाईकडे गेलो असतो. तो मालक अजून आहे, सरपंच अजून आहे, नाव घातलं तर तो अजूनही तिला खोलीबाहेर काढेल, आणि यावर काय करायचं ते विचारायला आता तुम्ही नाही. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

मी ऑफिसात आठवड्याची रजा टाकलीय. उद्या सकाळी हिराबाईकडे जाणार आहे. तिने दारात उभं केलं तर बसेन. नाही केलं तर परवा पुन्हा जाईन.